जनार्दनचं कर्कश रीळ

खाडीच्या धक्क्यावर गळ टाकणाऱ्या शौकिनांच्या क्लबचे अध्यक्ष वैशंपायन गळाची दोरी गुंडाळायची रिळं मांडून बसले होते.

"हे स्वस्तातलं, नवशिक्यांना ठीक. हे मधल्या किमतीचं, चालून जातं. आणि हे माझं परदेशी! महाग आहे, पण फिरताना हूं की चूं नाही. जे रीळ सगळ्यात लांबचा मासा ओढून आणेल, ते क्लबच्या काचेच्या कपाटात ठेवू."

इंदू तांडेलने नवऱ्याचं जुनं पितळी रीळ पुढे ठेवलं. जनार्दन जाऊन वर्ष झालं होतं.

"वहिनी, हे तर भंगार! किती कर्कश वाजतं!"

वाजायचं खरं. संध्याकाळी घरी परतताना जनार्दन त्याची मूठ फिरवत यायचा. तो आवाज आला, की इंदू ताट वाढायला घ्यायची आणि त्यांचा कुत्रा खंड्या वाटेवर धावत सुटायचा. आता खंड्या धक्क्याच्या पार टोकाला पडून असे. कुणी कितीही हाका मारा, उठत नसे.

इंदूने मूठ फिरवली. कर्रर्र!

टोकाकडून खंड्या शेपूट हलवत धावत आला. त्याने इंदूचा हात हुंगला आणि तो तिच्या पाठीमागच्या रिकाम्या वाटेकडे बघत उभा राहिला.

"साहेब, आमच्यातला सगळ्यात लांब गेलेला माणूस," इंदू म्हणाली, "या रिळाने खंड्याच्या डोळ्यांत ओढून आणलाय, बघा."

अध्यक्षांनी आपलं रीळ पिशवीत घातलं आणि कपाटाची किल्ली तिच्यापुढे धरली.

"काचेत नको, साहेब. आजपासून तिन्हीसांजेला हे आम्हा दोघांना लागेल."