छतातले भोक आणि परक्याची हाक

थॉर्नमिन्स्टरच्या कॅथेड्रलच्या छताला बरोबर मधोमध एक भोक आहे. चांगले परातीएवढे. त्यातून ऊन आत येते, आणि इंग्लंडच ते, त्यामुळे उन्हापेक्षा पाऊसच जास्त येतो. खाली फरशीत बसवलेल्या एका दगडावर ते पाणी पडत राहते. भोक बुजवावे असे इतक्या शतकांत कोणाच्या मनात आलेले नाही.

कऱ्हाडची ऋजुता खानविलकर वर्गाच्या सहलीबरोबर तिथे गेली, तेव्हा तिला परदेशी शिकायला येऊन तीन महिने झाले होते. पोरगी सिव्हिलची, हुशार. पण पहिल्याच आठवड्यात तिच्या उच्चारांना कोणीतरी हसले आणि तिने तोंडाला कुलूप लावले. उत्तर येत असले तरी बोलायची नाही. घरी फोनवर मात्र सगळे छान चालले होते.

कॅथेड्रल दाखवायला मिसेस हॉबडे नावाच्या बाई होत्या. ऐंशीला टेकलेल्या, गुडघ्यांनी पार दमलेल्या. त्या खुर्चीत बसूनच सांगत.

"कागदोपत्री यातलं काही सापडायचं नाही," त्या म्हणाल्या. "सापडलं असतं तर माझं कोणी ऐकलं असतं?"

हे छत बांधायला समुद्रापलीकडून एक पाथरवट आला होता म्हणे. त्याची भाषा गावात कोणालाच कळत नसे. बरोबर एकुलती लेक. ती तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा त्याने शपथ घेतली: छताचा शेवटचा दगड बसेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही, पण पोर जगू दे. म्हणजे नवस, ऋजुताने मनात म्हटले. पोर उठून बसली. पुढे दोन वर्षे तो हातवाऱ्यांवर काम करत राहिला.

शेवटचा एकच दगड उरला. सण तोंडावर आला होता आणि धर्मगुरूंना नव्या छताखाली प्रार्थना हवी होती. त्यांनी खालचे लाकडी आधार काढायचा हुकूम दिला. सेंटरिंग लवकर काढायची घाई तेव्हाही होती तर, असे ऋजुताला वाटले. पाथरवटाने चुन्याच्या सांध्यात अंगठ्याचे नख दाबले, तर ते आत रुतले. चुना ओला होता. त्याने हात हलवले, टाळ्या वाजवल्या. पण दोन वर्षे सगळे त्याचे हातवारेच पाहत आले होते. त्यांना वाटले, स्वारी आज खुशीत आहे.

खाली तीस माणसे पाचरींवर हातोडे उगारून उभी होती. दारात त्याची लेक भाकरी घेऊन आली होती. असे सांगतात की त्याने आधी तिच्याकडे पाहिले, आणि मग तो ओरडला.

शब्द कोणालाच कळला नाही, पण तीसच्या तीस हातोडे हवेत थांबले. माणसे बाजूला झाली न झाली तोच लाकडे आपोआप सरकली आणि मधला भाग खाली आला. कोणाला खरचटलेही नाही.

लेक आठव्या दिवशी गेली.

पाथरवटाने छत पुन्हा बांधून दिले, फक्त शेवटचा दगड वर चढवला नाही. तो त्याने लेकीच्या थडग्यावर ठेवला. फरशीत आहे तो हाच, बरोबर भोकाखाली.



"आता बारा वाजतील," मिसेस हॉबडे म्हणाल्या. "सगळ्यांनी त्या दगडाकडे चालत जायचं. परमुलखातल्या एकानं आपल्या भाषेत अडवायचं. कुणी अडवलं नाही तर पाय दगडावर पडतील. आजवर पडलेले नाहीत." त्यांनी काठी ऋजुताकडे केली. "तू, बाळ."

तिला नाही म्हणायचे होते, पण त्यालाही बोलावे लागले असते. माणसे निघाली. प्राध्यापक निघाले, तिला हसलेला मुलगाही निघाला. दगड चार पावलांवर आला, तीन, दोन.

"थांबा!"

कऱ्हाडच्या स्टँडवर सुटलेली एसटी अडवावी तसा आवाज निघाला. सगळे जागच्या जागी थांबले. प्राध्यापकांचा तर एक पाय उचललेलाच राहिला. मग वरची घंटा वाजली.

"काय म्हणालीस तू?" लिली नावाच्या वर्गमैत्रिणीने विचारले.

"ते इथं विचारायचं नसतं," मिसेस हॉबडे म्हणाल्या. "त्याचंही कुणाला कळलं नव्हतं."

परतीच्या बसमध्ये ऋजुताने लिलीला तो शब्द सांगितला आणि पुढचे दोन तास ती बोलतच होती.

आजही थॉर्नमिन्स्टरला दुपारी बारा वाजता कोणीतरी परका ओरडतो. अर्थ कोणी विचारत नाही. सगळे थांबतात.