आवडीचे पाय

या, चपला बाहेर काढून देवळाच्या मंडपात या. हे समोरच्या भिंतीवरचे चित्र बघा. येणारे-जाणारे आधी नवरीचा हसरा चेहरा बघतात आणि "काय गोड आहे!" म्हणतात. अहो, चेहरा राहू द्या. खाली तिचे पाय बघा. नवरदेव एकीकडे आणि दोन्ही पावले भलतीकडे, दाराच्या बाजूला वळलेली. त्या नवरदेवाच्या थोबाडावर शेणाचे डाग आहेत ना, ते आमचेच. पुसायला जाऊ नका.

हा आंबेखोलचा खोत, असे सांगतात. दोन बायका मेल्या, वय साठीला टेकले, तरी मेल्याची नजर गेली आवडीवर. त्याच्या लेकीहून लहान ती! शी! पोरीला आईबाप नव्हते. मामाने वाढवलेली, आणि मामा खोताच्याच जमिनीवर राबणारा. "पोरगी हो म्हणाली," असे त्याने येऊन सांगितले. झाले, गावाने माना डोलावल्या.

देवळात लग्न आणि देवळाच्याच भिंतीवर लग्नाचे चित्र, ही खोताची हौस. त्यासाठी पुनाजी चितारी आला. माणूस समोर उभा करायचा, पायांपासून वर चढत जायचे आणि चेहरा शेवटी, ही त्याची रीत. खोत पाटावर बसला. शेजारी आवडी उभी, तिच्या मागे मामा. बसल्या जागी खोत पचकन थुंकला आणि पानाने लडबडलेली बोटे त्याने आवडीच्या पदराला पुसली.  पुनाजीने मान खाली घातली, तर समोर तिचे पाय.

"बाय, पाय सरळ कर गो," तो म्हणाला.

"सरळच आहेत, काका." शिकवल्याप्रमाणे ती हसतच होती.

पुनाजीने आधी पाय खोताकडे वळवून काढून पाहिले म्हणे. पण चित्रातली पोर उभीच राहीना, आत्ता पडेल अशी दिसे. मग ते पुसून त्याने दिसले तसे काढले. मामाचा हातही दिसला तसाच, भाचीच्या पाठीत रेटलेला.

खोत बघायला आला आणि पायांवरून भडकला. त्याने पावलांवर चुना फासायला लावला. चुना वाळला आणि पाय पुन्हा वर आले, असे सांगतात. खालचा गेरू फुटला की देव धावला, ते तुमचे तुम्ही ठरवा.

लग्नाच्या दिवशी मामा भाचीला घेऊन मंडपात आला. भटजींनी हाक दिली, "मुलीला पुढे आणा." मामाची नजर भिंतीवर गेली. आधी पाय दिसले, मग तो पाठीतला हात. त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिले. तो तिथेच होता, आवडीच्या पाठीत. मामा खांब धरून भडाभडा ओकला. तोंड पुसून म्हणाला, "चल घरी." त्यांना कोणी अडवले नाही. वऱ्हाडातल्या बायका पाठोपाठ उठल्या, आणि चित्रातल्या खोतावर पहिला शेणगोळा त्यांनीच मारला. पुनाजीला मात्र खोताच्या धाकाने त्याच दिवशी कुंचले गुंडाळून गाव सोडावे लागले.

आजही इथे बोहल्यावर नेण्याआधी मामा मुलीला या भिंतीसमोर अनवाणी उभे करतो. विचारत काही नाही. वाकून फक्त पाय बघतो. गेल्या वैशाखातच एक मांडव लग्न न लागताच उतरवला. पोरगी तोंडभर हसत होती.