ओहोळाकाठचा पहारा

पाण्याचं राज्य एकच होतं. डोंगरातून निघालेली नदी आणि तिला पोटात घेणारा समुद्र, दोघांवर एकच अंमल चाले, आणि कुठलं पाणी कुणाचं हे विचारायची कधी कुणाला गरज पडली नव्हती. जिथे दोन्ही पाणी मिसळत, त्या चिखलात खेकड्यांची वस्ती होती. मधून एक अरुंद ओहोळ वाहे. वरच्या काठाला नदीचं पाणी जरा जास्त मिळे, खालच्या काठाला समुद्राचं. एवढाच काय तो फरक. सोयरिकी ओहोळ ओलांडूनच होत.

या वस्तीत एक रीत होती. खेकडा वाढला की जुनं कवच त्याला पुरेनासं होतं. ते टाकावं लागतं, आणि नवं कडक होईपर्यंत दोन-तीन दिवस तो लोण्यासारखा मऊ असतो. अशा वेळी बिळाच्या तोंडाशी पहारा लागतो. तो पहारा नेहमी पलीकडच्या काठाचा असे. कारण सांगायला लाज वाटते, पण खरं आहे: भुकेल्या खेकड्याला घरचं मऊ मांसही गोडच लागतं. पलीकडच्याला मात्र पक्कं ठाऊक असे, की उद्या आपल्या घरचं कोणी मऊ पडेल तेव्हा याच काठावरून पहारेकरी मागावा लागणार आहे. या धाकावर म्हणा, भरवशावर म्हणा, वस्ती पिढ्यान्‌पिढ्या सुखाने झोपत आली होती.

मग राज्य फाटलं. का फाटलं, ते चिखलात कुणालाच नीट कळलं नाही. आधी वरून येणारे मासे बंद झाले, मग खालून येणारे. एका ओहोटीला नदीची मरळ आली आणि वरच्या काठाला म्हणाली, "तुम्ही नदीचे." पुढच्या भरतीला समुद्राची वाम आली आणि खालच्या काठाला म्हणाली, "तुम्ही समुद्राचे." खेकड्यांनी दोघींनाही हो म्हटलं, दारी आलेल्याला नाही म्हणायची वस्तीत पद्धत नव्हती. जाताना दोघी एकच हुकूम ठेवून गेल्या. पलीकडच्या बिळापाशी जो दिसेल तो फितूर, आणि फितुराला जिवंत सोडायचं नाही.

नेमकं त्याच आठवड्यात वरच्या काठावरच्या मथीच्या पाठीवर कवच उकललं. तिचा नवरा नदीच्या फौजेत भरती होऊन गेला होता. तिच्या पहाऱ्याला यायचं होतं खालच्या काठाच्या पोशाने. त्याच्या बायकोला मागच्या खेपेला मथीनेच राखलं होतं.

सासू म्हणाली, "चार दिवस थांब की. जरा निवळू दे सगळं."

"पाठ फुटलीय, आत्याबाई. थांबू कशी?"

"मग बस आत. आम्ही आहोत ना घरचे."

सासू हे मायेनेच म्हणाली असेल. पण मासे बंद होऊन नऊ दिवस झाले होते, आणि बोलताना तिची नजर मथीच्या पाठीवरच्या फटीवरून ढळत नव्हती. मथीला तेव्हा जी भीती वाटली, ती ओहोळापलीकडून वामेचे दात पाहूनही वाटली नव्हती.

पोशा भर दुपारच्या ओहोटीला आला. लपतछपत यायला उघड्या चिखलात आडोसा नव्हताच. दोन्ही काठांनी त्याला ओहोळ ओलांडताना पाहिलं.

"आलास रे पोशादादा? तुझे लोक काय म्हणतील?"

"म्हणायचं ते म्हणतील. मला पण भीती वाटतेय गो. तू जा आत, आणि लवकर कडक हो."

मथी आत गेली. जुनं कवच सोडून ती बिळाच्या तळाशी पडून राहिली. भिंतीचा कण टोचला तरी जीव कळवळत होता. पोशाने दोन्ही नांग्या बिळाच्या तोंडावर आडव्या धरल्या होत्या. तेवढंच तिला खालून दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर आवाज आले. आधी वरच्या काठाचे.

"पोशा, बाजूला हो. ती आमची आहे, आम्ही राखू." त्यात सासूचा आवाज होता.

मग खालच्या काठाचे आले. "पोशा, मागे फिर. तू आमचा आहेस."

पोशाने पाय चिखलात रोवले. वरच्यांनी त्याची उजवी नांगी धरली, खालच्यांनी डावी, आणि ओढाओढ सुरू झाली. बिळाची माती मथीच्या अंगावर पडू लागली. पोशाचे पाय सरकताना तिला दिसले आणि आता आपण संपलो, असं तिला वाटलं.

अगदीच जिवावर बेतलं, तर धरलेली नांगी खेकडा स्वतःच सांध्यातून सोडून देतो. पोशाने उजवी सोडली. मग डावी सोडली. दोन्ही टोळ्या एकेक नांगी घेऊन चिखलात उताण्या पडल्या. त्या सावरतात तोच भरती आली आणि जो तो आपल्या काठाकडे पळाला. पोशा मागे सरकला आणि त्याने स्वतःच्या पाठीने बिळाचं तोंड बंद केलं.

"दुखतंय का रे?" मथीने खालून विचारलं.

"बोलू नको. कडक हो."

तिसऱ्या दिवशी ती बाहेर आली. दोन्ही काठांवर मोठी गर्दी जमली होती. वरच्या काठावर तिवराच्या काठीला पोशाची उजवी नांगी बांधली होती आणि सासू सांगत होती, की आपल्या सुनेसाठी उभ्या राहिलेल्याला खालच्यांनी फाडून मारलं. खालच्या काठावर डावी नांगी बांधली होती, आणि आपल्या पोशाला वरच्यांनी मारलं म्हणून तिथे सूड घ्यायची शपथ चालली होती. पोशाची बायको सगळ्यांच्या पुढे होती.

पोशा मधल्या चिखलात उभा राहून ओरडत होता, "अरे, मी आहे! मी जिवंत आहे!" पण घोषणांच्या गदारोळात ते कुणाला ऐकू जाईना. हात करून दाखवावं, तर त्याच्याकडे वर करायला काही उरलं नव्हतं.

म्हणून मथी त्याच्या शेजारी उभी राहिली आणि तिने आपल्या दोन्ही कोऱ्या, लखलखीत नांग्या त्याच्यासाठी जमेल तेवढ्या उंच उचलल्या.

दोन्ही काठांना पोशा जिवंत दिसला. मग दोन्हीकडून एकच आरोळी उठली, "फितूर!" आणि दोन्ही काठ एकाच वेळी चिखलात उतरले.