वल्ह्याचा वाटा

“...मग मी जिंकलो असतो की नाही, तेवढं फक्त सांगा, बाबा.”

गेनबा भोई होडीत साचलेलं पाणी डब्यानं उपसत होते. ते उपसतच राहिले.

“भाकरी खाऊन आलायस का?”

“बाबा, मी काय विचारतोय?”

“ते ऐकलं. मी भाकरीचं इचारतोय.”

उदयन मोकाशीनं मान हलवली. नाही. पुण्याहून निघाला होता तो थेट बोरजाईच्या धरणाच्या काठावरच येऊन थांबला होता. गाडीच्या टपावर सहा रॉड बांधलेले, मागे आमिषांच्या तीन पेट्या, आणि गेले पंधरा दिवस छातीत अडकलेला हा एक प्रश्न.

उदयन गळ टाकून पोट भरणारा माणूस. छंद म्हणून टाकणारे वेगळे. यानं चांगली नोकरी सोडून रॉड हातात घेतला होता. असे वीस-पंचवीस जण होते. दर हिवाळ्यात त्यांचं पाच तलावांचं सर्किट चाले. मासा एकच मोजायचा, मरळ. धरली की मोजपट्टीवर ठेवायची, शेजारी त्या दिवसाचा बिल्ला, वरून फोटो, आणि मिनिटाच्या आत जिवंत पाण्यात परत. मिनिट चुकलं की मासा बाद. पाचही तलावांवर धरलेल्या मरळींची लांबी मिळवायची, ज्याची बेरीज जास्त त्याचा चषक, बाकीच्यांना क्रमानं बक्षिसाचे पैसे.

आठ वर्षं उदयन दुसरा आला होता. एकदा नाही, दोनदा नाही, आठ वर्षं. सोबतचे त्याला ‘दुसरे मोकाशी’ म्हणून हाक मारत, आणि पहिले मोकाशी कोण, असं कुणी विचारलं की सगळे हसत.

या वर्षी चार तलाव झाले तेव्हा तो पहिला होता. नऊ सेंटिमीटरनं पहिला.

पाचवा तलाव बोरजाईचा. त्याच्या आठ दिवस आधी मोबाइलवर चार ओळींचा निरोप आला. सर्किट बंद. शेवटचा तलाव नाही, चषक नाही, पुढच्या वर्षीही नाही. सर्वांचे आभार.

बोहल्यावर उभं राहावं आणि अंतरपाट धरणारेच निघून जावेत, तशी त्याची गत झाली.

मग त्याला गेनबा आठवले. गेनबा तसे कुणाचेच गुरू नव्हते. स्पर्धेच्या दिवसांत ते काठावर बसून जाळं विणत आणि शहरातून आलेल्या चकचकीत होड्यांकडे बघत. आठ वर्षांपूर्वी एकदाच ते आपणहून उदयनला म्हणाले होते, “मरळ त्या रबरी बेडकावर आली की लगेच वढू नको. तीन श्वास घे. तिला खाऊ दे.” त्या तीन श्वासांवर उदयन आजवर जगला होता. त्यानं मनातल्या मनात त्यांना गुरू करून टाकलं होतं, त्यांना न विचारता.

“साठ वर्षं तुम्ही हे पाणी बघताय,” तो आता म्हणाला. “मला बघितलंय, बाकीच्यांनाही बघितलंय. इथं शेवटचा तलाव झाला असता तर काय झालं असतं, हे तुमच्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. तुम्ही हो म्हणालात तर मी समाधानानं रॉड ठेवून देईन.”

“आन् न्हाई म्हनलं तर?”

“तरी ठेवून देईन. पण कळेल तरी.”

“म्हंजे ठेवनारच.”

“सर्किटच नाही तर धरायचे कुणासाठी?”

गेनबांनी डबा होडीत टाकला. घराकडे बघून हाक मारली, “मंगल! मसाला वाटायला घे. मरळ येतीय.”

उंबऱ्यातून सून म्हणाली, “कोन आनतंय, मामंजी?”

“हे पाव्हणं.”

मग उदयनकडे वळून म्हणाले, “चौघं हावोत. एक मोठी बास. आन. जेवता जेवता सांगतो.”

अंगणात गेनबांची बहीण ठकूआत्या उन्हाला पाय लावून बसली होती. ऐंशी वर्षांची, बोळकं तोंड. ती म्हणाली, “काट्याची चिलापी-बिलापी उचलून आणू नगंस. मला दात न्हाईत. मरळच पायजे.”

उदयनला खूप दिवसांनी थोडं हसू आलं. एक मरळ? ते तर त्याचं कामच होतं.

होडीत चढताना त्याचा पाय एका जाळ्यात अडकला. सोडवायला वाकला तर जाळ्याच्या मधोमध परातीएवढं भोक. भोकाच्या कडेला विणायची सुई तशीच लोंबत होती, तिच्यात दोरा ओवलेला.

“बाबा, जाळं फाटलंय.”

“फाटलं न्हाई. इनायचं राह्यलंय.”

“मग पुरं करा ना.”

“ती इनत हुती.”

...

ती म्हणजे हौसा. गेनबांची बायको. दर वर्षी काठावर येणाऱ्या सगळ्यांना माहीत होती. गेनबा जाळं टाकत आणि ती वल्हं मारी. या धरणावरच्या भोयांत रीत होती, धरलेल्या मासळीचे दोन वाटे करायचे. एक जाळं टाकणाऱ्याचा, एक वल्हं मारणाऱ्याचा. नवराबायको असली तरी वाटे वेगळेच पडत. हौसा आपला वाटा मोजून घेई, वर एक मासा जास्तीचा ओढी, आणि मग दोन्ही वाटे एकाच पातेल्यात शिजवी. दोन वर्षांपूर्वी माघात ती गेली.

“पण यातून मासे निघून जात असतील,” उदयन हळूच म्हणाला.

“जात्यात की.”

“तरी हेच टाकता?”

“मग?” गेनबांनी होडी पायानं पाण्यात ढकलली. “वल्ह्याचा वाटा नगो व्हय तिला?”

उदयननं जाळ्यातून पाय सोडवून घेतला. तो एकटाच वल्हं मारत निघाला.

बुडालेल्या बाभळींच्या आडोशाला पाणी उथळ होतं. उदयननं वल्हं आत घेतलं आणि वाट बघत राहिला. सकाळचं कोवळं ऊन, खंड्याची एक निळी रेघ, आणि मग बाभळीच्या बुंध्यापाशी पाण्यावर एक गोल वळं उमटलं. मरळ श्वास घ्यायला वर येते, तसं.

त्यानं रबरी बेडूक वळ्याच्या पलीकडे टाकला. टुणूक. टुणूक. थांबला.

पाणी फुटलं!

एक श्वास. हात शिवशिवत होते.

दोन श्वास.

तीन.

त्यानं रॉड उचलला, आणि रॉडची कमान झाली. मग जे काही झालं ते त्याला नंतर धड सांगताच येईना. ती बाभळीत घुसू पाहत होती, तो तिला मोकळ्यात आणू पाहत होता. होडी स्वतःभोवती फिरत होती. रीळ किंचाळत होतं. एकदा ती सबंध पाण्याबाहेर आली, काळी पाठ, पिवळं पोट, आणि उन्हात अशी लखलखली की उदयनच्या तोंडून लहान मुलासारखी आरोळी निघाली. आठ वर्षांत स्पर्धेत त्याच्या तोंडून असला आवाज कधी निघाला नव्हता. स्पर्धेत दात आवळलेले असत.

शेवटी ती होडीत आली. हातभरापेक्षा मोठी. उदयन गुडघ्यांवर बसला. ओल्या हातांनी तिला मोजपट्टीवर आडवी केली, तोंड टोकाला टेकवलं, शेपटी चिमटीत धरली. चौथ्या तलावाचा बिल्ला पट्टीला अजून बांधलेलाच होता. अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. जन्मात धरलेली सर्वांत मोठी. फोटो काढला. घड्याळ बघितलं, चाळीस सेकंद. दोन्ही हातांवर घेऊन पाण्यात धरली. तिनं कल्ले हलवले, शेपटीचा एक फटका त्याच्या तोंडावर मारला आणि गेली.

उदयननं मूठ वर केली. जिंकलो!

तोंडावरचं पाणी पुसत, गाणं गुणगुणत, तो काठाकडे वल्हं मारू लागला.

निम्म्या वाटेवर काठाकडून वारा आला. वाऱ्याबरोबर चुलीचा धूर आला. धुराबरोबर भाजलेल्या कांदाखोबऱ्याचा वास आला.

वल्हं त्याच्या हातात तसंच राहिलं.

...

तो परत बाभळीकडे गेला. दोन तास गेले. पण ऊन चढलं की मरळ तळ धरते. बेडूक टुणूक टुणूक करत रिकाम्या पाण्यावर नाचत राहिला. शेवटी भूक आणि लाज दोन्ही घेऊन तो काठाला लागला.

मंगल विळी आणि परात घेऊन दारातच होती.

“कुठाय?”

उदयननं खिशातून मोबाइल काढला. फोटो पुढे धरला.

मंगलनं फोटो बघितला. मग त्याच्या रिकाम्या होडीकडे बघितलं. मग परत फोटो.

“ही हाय व्हय? मग गेली कुठं?”

“...सोडली.”

“सोडली?”

“सवयीनं. मिनिटाच्या आत सोडायची असते...”

मग ठकूआत्याचं बोळकं उघडलं आणि ती जी हसत सुटली, की तिचा पदर खाली पडला. “अगं मंगल, घे की मग! त्या फोटूलाच हळदमीठ लाव!”

“लावते की, आत्याबाई. पर चिरू कुठनं? डोक्याकडनं का बटनाकडनं?”

“मला शेपटीकडचा तुकडा दे गं. काचेचा आसला तरी चालंल, दात न्हाईतच!”

उदयनचे कान लाल झाले. तो जमिनीकडे बघत उभा राहिला. आठ वर्षं दुसरा आल्यावर लोक हसले होते, ते त्याला आठवलं. पण हे हसणं तसलं नव्हतं. या हसण्यात त्याच्यासाठी जागा ठेवलेली होती. आधी त्याच्या नाकातून एक फुसका आवाज आला, मग खांदे हलू लागले, आणि मग तो अंगणातच मांडी ठोकून बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

गेनबा तेवढे हसत नव्हते. त्यांनी मोबाइल बाजूला सारला. “मला त्यातलं दिसत न्हाई. हातानं दाखीव. केवढी हुती?”

उदयननं डोळे पुसले आणि दोन्ही तळवे समोरासमोर धरले, नेमक्या अंतरावर. इतक्या वर्षांची सवय, एक बोटही चुकलं नसतं. “एवढी. अठ्ठ्याहत्तर.”

“आकडा न्हाई इचारला. पान्यातनं वर आली तवा केवढी दिसली?”

त्यानं डोळे मिटले. काळी पाठ, पिवळं पोट, ऊन.

त्याचे हात सरकू लागले.

“आं?” ठकूआत्या म्हणाली.

आणखी सरकले.

“आरं, होडी पलटी झाली आसती की रं!”

आणखी. आता त्याचे दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत पार ताणले गेले होते, बोटं पसरलेली, छाती उघडी. डोळे मिटलेलेच. ओठांवर हसू.

आणि आता गेनबा हसले. खोकला येईपर्यंत, छाती धरून हसले.

मंगलनं मरळीच्या मसाल्यात वांगी सोडली होती. चौघं अंगणात जेवायला बसली. उदयन जेवला तसा तो वर्षभरात जेवला नव्हता. तिसरी भाकरी, चौथी भाकरी, वर कांदा फोडून. वांग्याला मरळीची सर नाही, असं ठकूआत्या प्रत्येक घासाला म्हणत होती आणि प्रत्येक घास संपवत होती.

ताटं उचलली गेली तेव्हा गेनबा म्हणाले, “मासा न्हाई आनलास. तरी इचार. तुझं राह्यलंय इचारायचं.”

उदयन पाण्याकडे बघत होता. लांब, बाभळींच्या तिकडे, एक बारीक वळं उमटलं, की त्याला तसा भास झाला.

“ऊन कधी उतरतं इथं, बाबा?”

“चारच्या सुमाराला.”

“मग चारला जातो परत. या खेपेला धरली तर सोडणार नाही. आत्यांची शपथ!”

“माझी कशापायी?” ठकूआत्या कडाडली. “मला अजून जगायचंय! मोबाइलाची घाल!”

गेनबांनी होडीतलं जाळं अंगणात आणून मांडीवर घेतलं. भोकाच्या कडेची सुई एकदा हलली आणि स्थिर झाली. त्यांनी तिला हात लावला नाही. आजूबाजूच्या गाठी तेवढ्या एकेक करून घट्ट केल्या.

मग म्हणाले,

“सुटली तर सुटू दे. हौसाला मरळच आवडायची.”