बिनलेबलाची बाटली

पुण्यातल्या बिअरशौकिनांच्या मंडळात दर महिन्याला बाटल्यांची अदलाबदल होई. वैजू लोंढेनं घरी केलेली ज्वारीची बिअर आणली होती. तिला हवी होती अध्यक्ष सरनोबतांची बेल्जियमची बाटली.

"बिनलेबलाच्या बाटलीशी अदलाबदल?" सरनोबत खेकसले. "अहो बाई, किंमत लेबलाची असते!"

"बरं. तुमची गार तरी करते," म्हणत वैजूनं त्यांची बाटली बर्फाच्या पाण्यात बुडवली. सरनोबतांचं बेल्जियमपुराण अर्धा तास चाललं. तोवर लेबल सुटून पाण्यावर तरंगू लागलं.

वैजूनं ते अलगद त्यांच्या तळहातावर ठेवलं. "साहेब, ही तुमची किमतीची वस्तू, सांभाळा. आता बाटल्या दोन्ही बिनलेबलाच्या. करायची अदलाबदल?"

मंडळ खो खो हसलं. सरनोबतांनी ज्वारीची बाटली उघडली, एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि ते ओलं लेबल स्वतःच त्या बाटलीवर चिकटवलं.