उघाडीवरचा कोरडा हात

फार वर्षांपूर्वी, जेव्हा पाणखारच्या खाडीला बांध होता पण बांधावर कुणाचा भरवसा नव्हता, तेव्हा तिथे गोणू नावाचा मेस्त राहायचा. मेस्त म्हणजे सुतार. खाडीकाठची हवा खारी. सकाळी पुसलेला कोयता दुपारी तांबूस दिसायचा. गोणूने या गंजाची अशी धास्ती घेतली होती की लोक त्याची टर उडवायचे. काम संपलं की तो रंधा आणि पटाशी चुलीच्या उबेला धरायचा, उंडीचं तेल चोळायचा, आणि ओल शोषून घ्यायला पेटीत कळीच्या चुन्याचं मडकं ठेवायचा. माझ्या बाळंतपणातही एवढं कुणी केलं नाही, असं त्याची बायको म्हणायची.

एका वर्षी ऐन नवरात्रात उघाडीचं दार कुजलेलं सापडलं. उघाडी म्हणजे बांधातली पाण्याची वाट. भरतीला तिचं लाकडी दार मिटतं, म्हणून खारं पाणी शेतात येत नाही. भात पिकून पिवळं व्हायला लागलं होतं. कोजागिरीच्या उधाणाआधी नवं दार बसलं नाही, तर गावाच्या तोंडचा घास जाणार होता. गोणूने फळ्या तासायला घेतल्या.

मध्येच खंडेनवमी आली. हत्यारं देवळात मांडायची, पाणी शिंपडायचं, ओलं हळदकुंकू लावायचं आणि दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, अशी रीत. गोणू खांबाशी बसून पटाशीच्या धारेवरचा थेंब बघत होता. गंजाने धार खाल्ली तर फळीला फळी बसणार नाही, दाराला फट राहील. तो दोनदा उठला, दोनदा बसला. तिसऱ्यांदा उठला आणि सगळ्यांदेखत त्याने धोतराच्या सोग्याने पटाशी पुसली.

गावकर, म्हणजे गावचे मानकरी, पांढरेफटक पडले. "देवाचा पाणी पुसलंस. आता दार फुटला, तर ता तुझ्या माथ्यार."

"देवाक पाणी नको, असा मी म्हणणय नाय," गोणू म्हणाला. "लोखंडाक नको."

त्यानंतर त्याच्या मदतीला कुणी आलं नाही. असं म्हणतात, सहा माणसांना न पेलणारं ते दार त्याने एकट्याने उचललं आणि चौकटीत बसवलं. पण त्याला झोप लागेना. आपलं काही चुकलं असेल तर, हा एकच घोर.

पुनवेच्या दुपारी उधाण आलं. सगळं गाव बांधावर. गोणू शेताच्या बाजूने उघाडीत उतरला आणि त्याने दाराच्या सांध्यावर तळवा टेकला. दारापलीकडे खाडीचं पाणी त्याच्या डोक्याहून वर चढलं. लाकूड कण्हायला लागलं. असं म्हणतात, खाडी त्या दिवशी दाराला माणसासारखी धडका देत होती, आणि प्रत्येक धडकेला गोणू देवाची माफी मागत होता. ओहोटी लागेपर्यंत त्याने हात काढला नाही. मग गावकर स्वतः खाली उतरले, त्यांनी त्याचा तळवा उलटा करून पाहिला आणि तो आपल्या कपाळाला लावला. तळवा कोरडा होता.

गोणू गेल्यावर दाराच्या बाकीच्या फळ्या कितीदा बदलल्या, पण त्याचा हात होता तेवढी फळी कधी कुजली नाही, असं म्हणतात.

पाणखारात आजही खंडेनवमीला हत्यारांवर पाणी शिंपडत नाहीत. हळद तेलात कालवतात. सुतारशाळेत आता विजेवरचं रंधा मशीन आहे, त्याच्या लोखंडी पाटालाही आधी कोरडं फडकं, मग गोणूच्या नावाने तेलाचं बोट. आणि कोजागिरीच्या भरतीला गावातला एक सुतार उघाडीत उतरून दाराला तळवा लावतो. वर येऊन तो हात दाखवेपर्यंत त्या दिवशी पाणखारात कुणी जेवायला बसत नाही.