पुंजानं आजीचा सिनेमा पुरा केला

एका गावात एक भोळा भाचा होता. नाव पुंजा. भोळा असं त्याची आई म्हणायची. गावाचा शब्द वेगळा होता, तो लिहिण्यासारखा नाही.

त्याच्या मामाचा, म्हणजे रंगूमामाचा, तंबूतला सिनेमा होता. यात्रा आली की तंबू ठोकायचा, पडदा बांधायचा, इंजिन फडफडवायचं आणि लोकांना मातीत बसवून सिनेमा दाखवायचा. पुंजा हाताखाली. त्याला एकच काम धड येई, ते म्हणजे तुटलेली फिल्म जोडणं. कापायची, डिंक लावायचा, दाबून धरायची. त्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. देवानं गाढवाला अक्कल दिली नाही, पण कात्री दिली.

त्या साली देवठाणच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष भिवसनआण्णा मामाला म्हणाले, “रंगनाथ, तुझ्या तंबूत माणसांपेक्षा कुत्री जास्त बसतात. यंदा तंबू भरला तर ठीक. नाही भरला तर जागा ऑर्केस्ट्रावाल्याला.”

मामाचं सगळं पोट त्या एका यात्रेवर. ती जागा गेली की तंबूच्या गोधड्या शिवायच्या तेवढ्या बाकी. मामा इंजिन खोलून बसला होता, त्याला हलता येईना. म्हणून त्यानं पुंजाला शहरात धाडला.

“पुंज्या, सिनेमे भाड्यानं देणाऱ्या शेठच्या हापिसात जा. तिथं सिनेमांचे ट्रेलर दाखवतात. नीट बघ, ष्टोरी काय ते समजून घे आणि येऊन सांग.”

आता ट्रेलर म्हणजे काय? मुलगी दाखवायचा कार्यक्रम. पोहे, साडी, खाली मान. घोरणं, खोकला आणि आत्या लग्नानंतर कळतात. पण हे पुंजाला कोण सांगणार?

शेठनं पुंजाला खुर्चीत बसवलं आणि एका सामाजिक सिनेमाचा ट्रेलर लावला. पडद्यावर धूमधडाक्यात लग्न झालं. मग एक मिशीवाला नवरा नव्या नवरीला भर थंडीत घराबाहेर काढतो, दार लावून घेतो, ती उंबऱ्यावर हुंदके देते.

पुंजाचा जीव कळवळला. त्यानं अंगावरची मामाची घोंगडी काढली, घडी करून पडद्याखाली ठेवली आणि शेठला म्हणाला, “बाई आत आली की तेवढी द्या. म्हणावं, दुसरं घर बघ.”

घरी आला तो कुडकुडत.

“घोंगडी कुठाय?” मामा म्हणाला.

“बाईला दिली. तिचा नवरा लई वंगाळ आहे, मामा.”

मामानं कपाळाला हात लावला. “अरे येडपटा, ती नटी आहे! तिच्या घरी कपाटभर शाली! रडणं म्हणजे सोंग असतं. पुढ्यात कोण रडलं तर टाळ्या वाजवायच्या. म्हणायचं, वा, काय सोंग वठवलंय! शाबासकी द्यायची.”

“बरं,” पुंजा म्हणाला. “रडलं की टाळ्या.”

दुसऱ्या खेपेला शेठकडे एक माहितीपट आला होता. माहितीपट म्हणजे काय, तर म्हातारी बाई लांबून पाणी आणते, आणि पाच शिकलेली माणसं तिच्या मागं चालत तिचं चित्र काढतात. हंडा एकानंही धरायचा नाही. मग शहरात तो सिनेमा बघून लोक हळहळतात आणि बाहेर येऊन लिंबूसरबत पितात.

हा माहितीपट जात्यावरच्या ओव्या गाणाऱ्या एका आजीचा होता. तो सिनेमा काढणाऱ्या बाईंनी त्या दिवशी आजीलाच हापिसात आणलं होतं. ट्रेलर सुरू झाला. आजीचं जातं, आजीची विहीर, आणि आजीच्या मेलेल्या धन्यानं लावलेलं लिंबाचं झाड. झाड दिसलं आणि आजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

पुंजा उठला. टाळ्यांचा कडकडाट केला.

“वा आजी! काय सोंग वठवलंय! पाणीसुद्धा खरं काढलंय!” आणि आजीची पाठ थोपटली.

आजीनं पदरानं डोळे पुसले, चप्पल काढली आणि पुंजाला दारापर्यंत पोचवला.

“तुझा बाप मरंल तवा वाजव टाळ्या, मुडद्या!”

मामानं ऐकलं आणि मटकन खाली बसला. “आजीचं नाव काय?”

“तान्हूबाई. देवठाणच्या.”

“गेलो! ती भिवसनआण्णांची आई!” मामा डोकं धरून बसला. पण धंद्याचा माणूस. लगेच उठला. “थांब. आण्णांची आई पडद्यावर दिसणार म्हटलं तर अख्खं देवठाण येईल. भावकी येईल, भांडणारे तर आधी येतील. आधी आजीचा सिनेमा दाखवू आणि मागून तुझा तो मिशीवाला. तंबू फाटेल पुंज्या, तंबू फाटेल!”

मग आवाज चढवून म्हणाला, “पण नीट ऐक. माहितीपटात सगळं खरं असतं. तिथं टाळी नाही, बोलणं नाही. समोर जे चाललंय ते चालू द्यायचं. मध्ये हात घालायचा नाही. नुसतं बघायचं.”

“बरं,” पुंजा म्हणाला. “नुसतं बघायचं.”

तिसऱ्या खेपेला तो दोन्ही सिनेमांचे डबे आणायला गेला. तिथं एक दाढीवाला पोरगा आपला सिनेमा घेऊन बसला होता. स्वतंत्र सिनेमा म्हणे. म्हणजे ज्याला शेठ नाही, नट नाही, गाणं नाही, आणि बघणारा तर नाहीच. त्याचा ट्रेलर चालू होता आणि शेठ डुलक्या घेत होता. पुंजा मात्र डोळे फाडून बघायला लागला. पडद्यावर एक माणूस भिंतीशी बसला होता. बराच वेळ बसला. मग कूस बदलून बसला.

दाढीवाला हरखला. बिडी ओढत पुंजाकडेच बघत राहिला. बिडीची ठिणगी त्याच्या झोळीवर पडली. झोळी धुमसायला लागली. पुंजानं धूर बघितला. मग जाळ बघितला. मग जाळ दाढीवाल्याच्या कुडत्याला लागला, तोही बघितला.

“आई गं!” दाढीवाला नाचायला लागला. शेठ जागा झाला आणि त्यानं माठ उपडा केला.

“अरे, तू समोर बसलास, सांगता येत नाही?” शेठ ओरडला.

“मामा म्हणाले, जे चाललंय ते चालू द्यायचं.”

दाढीवाला भिजून, भाजून उभा होता. पण त्याचे डोळे चमकले. “माझा ट्रेलर शेवटपर्यंत बघणारा तू पहिला माणूस,” तो म्हणाला, आणि त्यानं सिनेमाचा डबा पुंजाला फुकट देऊन टाकला. येड्याला येडं असंच भेटतं.

“काय आहे ह्यात?” घरी मामानं विचारलं.

“एक माणूस बसतो.”

“मग?”

“मग तिकडं तोंड करून बसतो.”

“लगीन?”

“नाही.”

“कोण मरतं तरी का?”

“मरावा असं वाटतं, पण मरत नाही.”

मामानं तो डबा कनातीवर वजन म्हणून ठेवला. त्या सिनेमाचा कोणाला उपयोग झाला असेल तर तेवढाच. वर मामा म्हणाला, “पुंज्या, जन्म, लगीन, मरण, ह्याला ष्टोरी म्हणतात. हे तीन नसलेला सिनेमा म्हणजे बिनसारणाची करंजी. असला सिनेमा समोर आला तर जे नाही ते आपण भरून घ्यायचं असतं. मनानं!”

शेवटचा शब्द पुंजाच्या कानावर पडला होता. पण पुंजाच्या मते आपण सगळी कामं मनानंच करतो.

यात्रेचा दिवस आला. मामा इंजिनाशी झटत होता. पुंजा दुपारी तंबूत रिळं गुंडाळत बसला. गुंडाळता गुंडाळता आजीचा सिनेमा उजेडाला धरून बघू लागला. आजी दळते. आजी पाणी आणते. आजी झाडाखाली बसते. संपला.

पुंजा चरकला. जन्म नाही, लगीन नाही, मरण नाही. नुसती पोकळ करंजी. आणि बाहेर तर आण्णांची सगळी भावकी बैलगाड्या सोडत होती! मामाची जागा जाणार!

त्यानं कात्री काढली. मिशीवाल्याच्या सिनेमाचा डबा उघडला. त्यात सारण भरपूर होतं.

दिवेलागण झाली. तंबू असा भरला की खांबाला टेकायला जागा नाही. पुढच्या खुर्चीवर तान्हूआजी, नवं लुगडं, खांद्यावर कमिटीची शाल. शेजारी भिवसनआण्णा. आण्णांनी मागं वळून गर्दी बघितली आणि मामाला म्हणाले, “रंगनाथ, जागा तुझी. ऑर्केस्ट्रावाल्याला मी नारळ देतो.”

मामाला रडू आलं. पुंजा जवळच होता, पण टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याला मशीन सुरू करायचं होतं.

पडद्यावर आजी दळायला लागली. बायका कौतुकानं कुजबुजल्या. आजी ओवी म्हणाली. ओवी संपते तोच बँड वाजला आणि लग्न लागलं. नवरा मिशीवाला.

सगळ्या माना आजीकडे वळल्या.

“आये, हा कोण?” आण्णा हळूच म्हणाले.

“मला काय ठावं!” आजी म्हणाली. “तुझा बाप तर गोरा व्हता, आन् मिशीबी नव्हती.”

मिशीवाल्यानं नवरीला घराबाहेर काढलं. लगेच आजी हंडा घेऊन चालायला लागली. मागून एक पोरगं ओरडलं, “आजीला हाकलली रे!” आजी झाडाखाली बसली. पाठोपाठ तिरडी उठली, लोक ‘राम बोला’ म्हणत निघाले, सरण रचलं आणि धडाधडा पेटलं.

आण्णांच्या बायकोनं सवयीनं गळा काढला. सासू शेजारी जिवंत बसली आहे, हे तिच्या जरा उशिरानं ध्यानात आलं.

आजी खुर्चीवर उभी राहिली. “आगं, गप्प बस! मी हितं हाय! कुणी रं, कुणी जाळली मला?”

आण्णा उठले. “रंगनाथ! माझ्या आईला दुसरा नवरा करतोस? जित्ती जाळतोस? चालता हो! जागा ऑर्केस्ट्रावाल्याला! अरे, उपटा ह्याचे खुंटे!”

भावकी खुंट्यांकडे धावली. मामानं आण्णांचे पाय धरले. तंबू एका अंगानं कलायला लागला.

पुंजाला काही कळेना. एवढा भरलेला सिनेमा, आणि लोक अर्ध्यावर उठतात? खरं तर एकच चूक झाली होती, आणि ती त्याची त्यालाही ठाऊक होती. जन्माचा तुकडा रिळाच्या अगदी तळाशी सापडला, म्हणून तो सगळ्यात शेवटी जोडावा लागला. त्यानं मशीन तसंच चालू ठेवलं आणि हात जोडून आण्णांच्या पुढं उभा राहिला.

पडद्यावर सरण विझलं. दाईनं दार उघडलं. मिशीवाल्याच्या हातात टॅहां टॅहां करणारं गुबगुबीत पोर दिलं.

“बसा ना आण्णा,” पुंजा म्हणाला. “आता तुम्हीच आलात.”